नावाड्याच्या अकरा टोप्या

एकच माल दोन गिऱ्हाइकांना दोन भावांत विकणारा दुकानदार मी लांबून ओळखतो. बेचाळीस वर्षं बाजारातले तराजू दुरुस्त केले. पारड्याच्या तळाला नाणं चिकटवणारे, वजनाच्या पोटातलं शिसं खरवडून काढणारे, काट्याशेजारी पंखा लावून ठेवणारे, सगळे पाहिले. त्यामुळे नातीने फोनवर सांगितलं, की जो खेळ माझ्या कॉम्प्युटरवर एवढ्याला दिसतो तोच तिच्याकडे साडेचारपट किमतीला आहे, तेव्हा मी शांतपणे निदान केलं.

"तुझ्याकडचा काटा बिघडलाय."

"आजोबा, काटा नाहीये तो. दुकान आहे. ऑनलाइन."

"दुकान एकच?"

"एकच."

"खेळ एकच? का तुमच्याकडे मोठा येतो?"

"नाही हो! देशाप्रमाणे किंमत ठरते. तुमच्याकडे लोकांकडे पैसे कमी असतात, म्हणून दुकान तुम्हाला स्वस्त देतं."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "दुकानाला आपलं बरोबर कळलंय."

या नातीला घरात सव्वाशेर म्हणतात. जन्मली तेव्हा मी तिला माझ्या काट्यावर तोललं होतं आणि ती दवाखान्याने सांगितलं त्यापेक्षा पाव किलो जास्त भरली होती. दवाखान्याचा काटा चुकीचा होता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. पण ते असो. दीड वर्षापूर्वी लेक आणि जावई नोकरीसाठी परदेशी गेले, तेव्हा सव्वाशेर अर्थातच त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने माझ्या कॉम्प्युटरवर नावेचा एक खेळ घालून ठेवला. एकाने वल्हं मारायचं, दुसऱ्याने सुकाणू धरायचं. एकट्याला तो खेळताच येत नाही. एकटा बसला तर नाव एका जागी गोल फिरत राहते. आमच्या रविवारची संध्याकाळ म्हणजे त्यांच्याकडे सकाळ. तो एक तास आम्ही दोघं नदीतून माणसं, शेळ्या आणि पिंपं इकडची तिकडे करायचो. काठावर पाटी आली की आळीपाळीने मोठ्यांदा वाचायची, हा आमचा नियम. मला अक्षरं आली तीच मुळी तिच्यामुळे. ती पहिलीत गेली तेव्हा शेजारी बसून मीही गिरवायला लागलो. वय विचारू नका.

तर आमची नदी संपली होती. पुढच्या भागात समुद्र होता आणि तो नव्याने विकत घ्यायचा होता.

"बाबा, तिला काही कबूल करू नका," लेक मागून म्हणाली. "एका खेळाच्या पैशात इथे आमचा आठवड्याचा भाजीपाला येतो. वर्षअखेरीला सवलत लागते, तेव्हा बघू."

वर्षअखेर आठ महिन्यांवर होती. माझ्या वयात आठ महिने म्हणजे दोन चष्मे. नवव्या वर्षात आठ महिने म्हणजे एक जन्म. तेवढ्यात ती हा खेळ विसरेल, आणि मग रविवारी आजोबांशी बोलायचं म्हणजे "कसे आहात, जेवलात का" एवढंच उरेल. तिसऱ्या रविवारी तिचा वाढदिवस होता.

"मी इथून घेतो आणि तुला भेट पाठवतो," मी म्हणालो. "वाढदिवसाला समुद्र."

ती किंचाळली. लेकीने सुस्कारा टाकला. झालं, शब्द गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर आणखी चांगली बातमी होती. त्या खेळावर चार दिवस सवलत लागली होती. आम्ही नवरा-बायको भांडायच्या आत काम उरकेल असं वाटलं. पण पैसे देण्याआधी एक चौकोन आला: 'मी अटी व शर्ती वाचल्या आहेत व मला त्या मान्य आहेत.'

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. बेचाळीस वर्षं मी लोक दाखवतील तिथे अंगठा उठवला. भाड्याच्या करारावर, कर्जाच्या कागदावर, एकदा तर दुसऱ्याच माणसाच्या निवडणूक अर्जावर. वाचता यायला लागलं त्या दिवशी मी ठरवलं, की यापुढे न वाचता काही म्हणजे काही मान्य करायचं नाही. मी अटींवर बोट ठेवलं. त्या इतक्या लांब होत्या की डोळ्यांना पाणी सुटलं. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या. सेहेचाळीस पानं झाली.

"काका, हे कुणी वाचत नाही हो," झेरॉक्सवाला म्हणाला.

"मग लिहितात कशाला?"

त्याने पैसे मात्र सेहेचाळीस पानांचे घेतले.

मी खिडकीशी खुर्ची ओढली, हातात पेन्सिल घेतली आणि वाचायला बसलो. ओळीखाली बोट ठेवून वाचतो. वेळ लागतो, पण एकही शब्द निसटत नाही.

"कुठवर आलं?" बायको दुपारी विचारायची.

"तेरावं कलम. भांडण झालं तर कुठल्या कोर्टात जायचं ते."

"म्हणजे भांडायचं आधीच ठरलंय."

एकतिसाव्या कलमात 'भेटीवर काही निर्बंध लागू असू शकतात' असं वाक्य होतं. कुठले निर्बंध ते लिहिलं नव्हतं. मी समासात 'कुठले?' असं लिहिलं. खेळाच्या पानावर चित्राखाली जो मजकूर होता, तो मात्र मी वाचला नाही. दुकानदार स्वतःच्या मालाबद्दल काय बोलतो तिकडे लक्ष द्यायचं नाही, ही माझी धंद्यातली सवय.

पाचव्या दिवशी सकाळी सेहेचाळिसावं पान संपलं. मी समाधानाने दुकान उघडलं. सवलत आदल्या दिवशीच संपली होती.

बायकोने सेहेचाळिसाव्या पानावर चहाचा कप ठेवला.

तरी पूर्ण किमतीला का होईना, खेळ घेतला. 'भेट म्हणून पाठवा' दाबलं, सव्वाशेरचं नाव निवडलं. लगेच लाल अक्षरांत उत्तर आलं: 'दोन देशांतील किमतीत मोठी तफावत असल्याने ही भेट पाठवता येत नाही.' पैसे त्या दुकानातल्या माझ्या बटव्यात परत आले. मी एकतिसावं कलम काढलं आणि 'कुठले?' पुढे 'हे' असं लिहिलं.

आमच्या इमारतीत गोष्ट एका घरात झाली की ती जिन्यावरून खाली आपली आपण उतरते. संध्याकाळी समोरचे पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून कागद हातात घेतला की आधी मागची बाजू बघतात.

"काटेवाले, तुमचं मूळ चुकलं," ते बसता बसता म्हणाले. "वस्तू वाऱ्यावर पाठवायची म्हणजे हे असंच होणार. खेळ डबीत मिळतो ना? पार्सल करा. तीन आठवड्यांत हातात."

"वाढदिवस अडीच आठवड्यांवर आहे."

"मग वाढदिवस पुढे ढकला. लहान पोर आहे, तिला काय कळतंय."

तशी डबीही मिळत नव्हती आणि सव्वाशेरच्या कॉम्प्युटरला तबकडी घालायला फटही नव्हती. पोस्टमास्तरांना हे पटलं नाही. फट नसलेल्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही.

दुसरे आले खालच्या मजल्यावरचे विमावाले. हा माणूस अजून चाळिशीचा नाही, पण मरणाविषयी इतक्या उत्साहाने बोलतो की ऐकणाऱ्याला आपण उगाच जगतोय असं वाटावं. त्याने माझी अडचण उभ्या उभ्या सोडवली.

"काका, जिना समजा. आपला देश पहिल्या पायरीवर. नात तिसऱ्या पायरीवर. एकदम तिसऱ्यावर हात पोचत नाही, म्हणून भेट अडते. मग मधल्या पायरीवर उभं राहायचं आणि तिथून वर द्यायचं. मधल्या किमतीचा एक देश आहे. माझ्या साडूने तिथूनच पाठवली भेट. तफावत कमी, म्हणून जाते."

"पण मी त्या देशात नाही."

"दुकानाला कुठे माहीत आहे? एक प्रोग्राम आहे, तो आपल्याला तिकडून वळसा घालून नेतो. आपण फक्त सांगायचं की आपण तिकडे आहोत."

"ते खोटं होईल."

"काका, खोटं कसलं? आपण इकडे आहोत हे आपल्याला माहीत आहे ना? झालं तर."

मी दोन दिवस नाही म्हणालो. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे इमारतीत असं पसरलं की काटेवाल्याने हावरटपणाने देश बदलला. दोन दिवस मी नाहीच म्हणालो. मग बुधवारी सव्वाशेरचा फोन आला.

"आजोबा, आमच्या वर्गात माझ्या बाकावर नवीन मुलगी आलीये. ती उजव्या बाजूने लिहिते! आणि तिच्याकडे पण खेळ आहेत खूप. ती म्हणते रविवारी ये. पण मी सांगितलं, रविवारी मी नसते."

"मग बरोबर," मी म्हणालो.

"समुद्र येणार ना?"

"येणार म्हणजे येणारच."

फोन ठेवला आणि विमावाल्याला हाक मारली.

मधल्या पायरीवर किंमत जास्त, म्हणून बटव्यात आणखी पैसे भरले. विमावाल्याने दहा मिनिटं खटखट केली, काहीतरी हिरवं झालं, आणि माझं दुकान गेलं. म्हणजे दुकान होतं तिथेच, पण त्यावरचं एकही अक्षर माझ्या ओळखीचं राहिलं नाही. वेलबुट्टीसारखी लिपी, वर टिंबं, खाली टिंबं. आकडेसुद्धा वेगळे.

"भाषा बदलता येईल का?" मी विचारलं.

"येईल ना," विमावाला म्हणाला आणि नेमका त्याचा फोन वाजला. कुणीतरी गिऱ्हाईक हप्ता भरायला तयार झालं होतं. असा क्षण त्याच्या धंद्यात फार क्वचित येतो. "काका, पाच मिनिटांत आलो. खेळाचं चित्र ओळखता ना तुम्ही? दाबा बिनधास्त." आणि तो गेला.

मी त्या पानासमोर बसलो. फार विचित्र वाटलं. तीन वर्षं झाली होती तसं वाटून. बसची पाटी वाचता न येता थांब्यावर उभं राहिलं की वाटायचं तसं. पण तेव्हाही मी कधी चुकीच्या बसमध्ये चढलो नव्हतो. बस रंगावरून, पुढच्या दिव्याच्या खोबणीवरून ओळखायचो. औषध बाटलीच्या बुचावरून. सरकारी फॉर्मवर सही कुठे करायची ते शेजारच्याच्या हाताकडे बघून. ती सगळी जुनी विद्या मी बाहेर काढली. अक्षरं नाहीत तर नाहीत, जागा तर माहीत आहेत! या दुकानात 'नको' डावीकडे असतं आणि 'हो' उजवीकडे. वर्षभर तेच बघत होतो.

समुद्राचं चित्र सापडलं. त्यावर दाबलं. मध्येच एक चौकोन आला, त्यात नावाड्याची टोपी. दुकानाची ही खोड मला ठाऊक होती. नाव विकायच्या आधी टोपी गळ्यात मारायची. मी डावीकडचं 'नको' दाबलं. चौकोन गेला आणि परत आला. तीच टोपी. पुन्हा 'नको'. पुन्हा टोपी. मी बाजारात आयुष्य काढलेला माणूस आहे, चिकट दुकानदाराशी कसं वागायचं ते मला शिकवू नये. ठामपणे नको म्हणायचं. मी अकरा वेळा ठामपणे नको म्हणालो. अकराव्यानंतर चौकोन यायचा थांबला, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

चौकोन थांबला, कारण बटवा संपला होता.

विमावाला परत आला, पडद्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर मरणाची खरी कळा आली. "काका, ही भाषा उजवीकडून डावीकडे वाचतात. सगळं पान आरशातल्यासारखं उलटं असतं. डावीकडे 'हो' असतं."

माझ्या नदीतल्या नावाड्याच्या डोक्यावर नवी निळी टोपी होती. पुढे त्या लिपीत काहीतरी विणलेलं. पेटीत आणखी दहा होत्या.

"नाव कुठाय?" बायको येऊन म्हणाली.

"नाव नाही. टोप्या आहेत."

"किती?"

मी सांगितलं. तिने पदराने चष्मा पुसला, टोपी नीट बघितली. "शोभते," म्हणाली.

शुक्रवारी दुकानाचं पत्र आलं. माझं खातं चौकशीसाठी थांबवण्यात आलं होतं. देश अचानक बदलल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि मी खरा कुठला आहे हे मी पुराव्यासह सिद्ध करायचं होतं. तोपर्यंत काहीही उघडणार नव्हतं. समुद्र तर नाहीच, पण आमची जुनी नदीसुद्धा.

रविवारी सव्वाशेरला सांगितलं, आज यंत्र बिघडलंय. आयुष्यात मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. आधीच्या आठवड्यात देशाचं बोललो होतो, त्यामुळे सवय झाली असावी.

"दुरुस्त करा ना, तुम्ही तर सगळं दुरुस्त करता."

"करतोय."

"मग आज मी जाऊ का तिच्याकडे? नवीन मुलीकडे?"

"जा की," मी म्हणालो. "जरूर जा."

तो तास मी खुर्चीत बसून काढला. बायकोने रेडिओ लावला आणि मग बंद केला.

सोमवारपासून कागदपत्रं सुरू झाली. दुकानाने मदतीसाठी एक खिडकी ठेवली होती, तिच्यात एक यंत्र बसलेलं होतं. मी लिहिलं, 'माझं खातं बंद आहे.' ते म्हणालं, 'नमस्कार! आपण टोप्यांविषयी विचारत आहात का?' म्हणजे तिथवर बातमी गेली होती. मी लिहिलं, 'टोप्या नंतर, आधी खातं.' ते म्हणालं, 'टोप्यांविषयी विचारल्याबद्दल धन्यवाद. आपल्या नोंदीनुसार आपले वय एकशे एकोणीस वर्षे आहे. हे बरोबर आहे का?'

खातं सव्वाशेरने काढलं होतं. माझी जन्मतारीख मलाच नीट माहीत नाही, तर तिने यादीत जे सर्वांत खालचं वर्ष होतं ते निवडलं होतं. आजोबा म्हणजे सर्वांत जुने, हा तिचा हिशेब. आता मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: मी इथला आहे, आणि मी एवढा म्हातारा नाही.

राहत्या जागेचा पुरावा म्हणून विजेचं बिल चालणार होतं. बिल काढलं तर ते बायकोच्या नावावर. पाणीपट्टी बायकोच्या नावावर. घर तिच्याच नावावर. हे आम्ही पूर्वी कुठल्या तरी करासाठी केलं होतं, अंगठा उठवून, न वाचता. पोस्टमास्तरांनी सगळे कागद उलटसुलट करून निर्णय दिला.

"काटेवाले, कागदोपत्री तुम्ही कुठेच राहत नाही."

"मग मी आता आहे कुठे?"

"घरमालकिणीकडून दाखला घ्या."

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं, हात पुसले, टेबलाशी बसून दाखला लिहिला. तिचं अक्षर पहिल्यापासून सुरेख आहे. 'सदर गृहस्थ, वय बाहत्तर, माझ्या घरी चव्वेचाळीस वर्षांपासून राहत आहेत. वर्तणूक साधारण. टोप्या त्यांनीच घेतल्या आहेत.' खाली सही.

"'साधारण' काढ," मी म्हणालो.

"खोटा दाखला मी देणार नाही. खोट्यामुळेच इथवर आलोय."

मुख्य अर्ज पोस्टमास्तर लिहिणार होते. मंगळवार-बुधवार त्यांनी तो लिहिला. साडेतीन पानं, 'उपरोक्त' सहा वेळा. गुरुवारी तो दुकानाच्या चौकोनात भरायला गेलो तर तिथे फक्त तीनशे अक्षरांची जागा. पोस्टमास्तरांची तीनशे अक्षरं 'आपल्या कृपाछत्राखाली' याच्या थोडी अलीकडे संपली. मी ते तसंच पाठवलं. यंत्राने उत्तर दिलं, 'आपल्याला छत्री हवी आहे का?'

वाढदिवस तीन दिवसांवर होता. पोस्टमास्तर दुसरा मसुदा करायला घरी गेले. विमावाला म्हणाला की एका चौथ्या देशातून प्रयत्न करता येईल. बायकोने त्याला दारापर्यंत पोचवलं.

मी एकटाच उरलो. मग मी बायकोचा दाखला जोडला आणि बोटावर अक्षरं मोजत स्वतःच लिहिलं:

'मी तराजू दुरुस्त करणारा. देश खोटा सांगितला. चूक माझी आहे. टोप्या नको होत्या. पान उलटं होतं, नको समजून हो दाबलं. न वापरलेल्या वस्तू परत घेता, कलम बावीस. दहा वापरल्या नाहीत. नात दूर असते. रविवारी आम्ही नाव चालवतो. रविवारच्या आत खातं उघडा. दंड असेल तर सांगा.'

पोस्टमास्तरांनी वाचलं. "'महोदय' कुठाय?"

"बसलं नाही."

"मग काही होत नाही याचं," ते म्हणाले.

शुक्रवारी यंत्राऐवजी माणसाचं उत्तर आलं. माणूसच, कारण त्याच्या लिहिण्यात एक चूक होती. त्याने विचारलं, 'कलम बावीस तुम्हाला कुठे मिळालं?' मी कळवलं, पान चोवीस, खालून तिसरी ओळ. मग आलं, 'बरोबर आहे.' शनिवारी सकाळी खातं उघडलं. देश आपला, वय बाहत्तर, दहा टोप्यांचे पैसे बटव्यात. अकरावी टोपी नावाड्याच्या डोक्यावर होती म्हणून वापरलेली धरली. हा न्याय मला मान्य होता. दंड नव्हता, ताकीद होती: पुन्हा देश बदललात तर खातं कायमचं बंद.

इमारतीत माझं वजन थोडं वाढलं. पण मी खेळाच्या पानासमोर बसून राहिलो. खातं उघडलं, नदी आली, सगळं झालं; समुद्र जिथल्या तिथे होता. किंमत इथे एवढी आणि तिथे साडेचारपट. शब्द दिला होता आणि तो उद्या मोडणार होता. काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. बायको मागे येऊन उभी राहिली.

"आता कशाला अडलंय? घ्या की."

"घेऊन काय करू? तिला पाठवता येत नाही. दोन हवेत."

"दोन कशाला?" तिने माझ्या खांद्यावरून वाकून चित्राखालची ओळ वाचली, मुलाला वाचून दाखवावी तशी. "'एकाने घेतला तरी दोघांना खेळता येतो. मित्राला, तो कुठल्याही देशात असो, आपल्या नावेत पाहुणा म्हणून मोफत बोलवा.'"

मी ओळीखाली बोट ठेवलं. पुन्हा वाचली. तसंच होतं.

"हे कधीपासून आहे इथे?"

"पहिल्या दिवसापासून."

"तू वाचलं होतंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही वाचलं असेल," बायको म्हणाली. "सेहेचाळीस पानं वाचलीत."

बटव्यातल्या पैशांत आमच्या पहिल्या पायरीच्या किमतीला समुद्र विकत घेतला. या वेळी 'नको' डावीकडे होतं.

रविवारी वेळेच्या आधी अर्धा तास बसलो. सव्वाशेरचा चेहरा पडद्यावर आला. तिच्या शेजारी आणखी एक चेहरा होता, दोन वेण्या, गंभीर.

"आजोबा, ही माझी मैत्रीण. आज हिला मीच बोलावलं, नाव बघायला. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हणालो. मग सांगितलं, की यंत्र बिघडलं नव्हतं, मीच दुकानाशी खोटं बोललो होतो आणि त्यापायी ते बंद झालं होतं.

"खोटं बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय."

"बरं. समुद्र कुठाय?"

मी तिला पाहुणी म्हणून बोलावलं. नाव खाडीत उभी होती, आणि खाडीपुढे समुद्र. खरं सांगायचं तर निळ्या रंगाखेरीज त्यात फार काही नव्हतं, पण सव्वाशेर पुन्हा किंचाळली. पाहुण्याला या खेळात स्वतःचं काही मिळत नाही. तिची बाहुली बोडकीच वल्ह्यावर येऊन बसली. माझ्या नावाड्याने डोक्यावरची टोपी काढून तिला घातली. ते बटण मी आदल्या दिवशीच शोधून ठेवलं होतं.

"ए, टोपी! आजोबा, हिच्यावर काय लिहिलंय? वाचा ना, तुमची पाळी."

"मला ही अक्षरं येत नाहीत."

"मला पण नाही."

वेण्यावाली मुलगी पुढे वाकली. तिने टोपीवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवलं आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. सव्वाशेरच्या कानात काहीतरी सांगितलं. सव्वाशेरही हसायला लागली. मी वाट बघितली. मोठ्या माणसाला अशा वेळी वाट बघण्याशिवाय दुसरं काम नसतं.

"आजोबा, 'नवशिक्या' लिहिलंय! ज्याला काही येत नाही त्याला ही टोपी देतात. तुम्ही किती घेतल्या?"

"अकरा," आतून आवाज आला. "दुकानाला आपलं बरोबर कळलंय."

मग सव्वाशेर म्हणाली, की ही आपल्याला लिहायला शिकवेल, कागद आणा. माझ्या हाताशी कोरा कागद नव्हता. अटींची सेहेचाळीस पानं होती, त्यांची मागची बाजू कोरी होती. पहिलं पान उलटं केलं, पेन्सिल घेतली. त्या मुलीने आपल्या वहीत अक्षर मोठं काढून पडद्यासमोर धरलं आणि सव्वाशेरकरवी सांगितलं, उजवीकडून सुरू करा, टिंब सर्वांत शेवटी. आम्ही दोघांनी गिरवलं, दोघांनी पडद्यासमोर धरलं. समुद्रात नाव तेवढा वेळ एका जागी गोल फिरत होती.

मुलीने दोन्ही कागद नीट पाहिले. सव्वाशेरचं अक्षर वाकडं होतं. माझं बरोबर आलं होतं.